पर्स वाढली, पैसा कुणाकडे गेला?

भातकापणी आटोपली, थंडी पडू लागली की श्रीवर्धनपासून म्हसळा, मुरूड, अलिबागपर्यंत गावोगावी कबड्डीची मैदाने आखली जातात. दिव्यांच्या उजेडात मध्यरात्र उलटून जाईपर्यंत सामने रंगतात. इथल्या पोरांना प्रो कबड्डीच्या लिलावाचे आकडे तोंडपाठ असतात, आणि त्याच आकड्यांत एक कोडे दडलेले आहे. २०२२ च्या नवव्या हंगामात प्रत्येक संघाला खेळाडूंवर जास्तीत जास्त ४ कोटी ४० लाख रुपये खर्च करता येत होते. या रकमेला लिलावाच्या भाषेत ‘पर्स’ म्हणतात. त्या वर्षी तमिळ थलायवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतले. २०२३ मध्ये पर्स ५ कोटी झाली, आणि तोच पवन तेलुगू टायटन्सकडे २ कोटी ६० लाख ५० हजारांना गेला. पण लिलावात खेळाडूंचे ‘अ’ ते ‘ड’ असे गट असतात, त्यांतल्या सर्वांत वरच्या ‘अ’ गटाची किमान बोली आधी ३० लाख होती, ती ३० लाखच राहिली. ‘ब’ गटाची २० लाख होती, तीही हलली नाही. सगळ्या संघांच्या हाती साठ-साठ लाख जास्त आले, मग ते गेले कुठे?

हाच प्रश्न अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, गेली चाळीस वर्षे विचारला जातो आहे. संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा घालण्याची आजची पद्धत तिथे १९८४-८५ च्या हंगामापासून आहे. तेव्हा ती मर्यादा ३६ लाख डॉलर होती. २०२५-२६ साठी ती साडेपंधरा कोटी डॉलरच्या जवळ पोचली आहे. एवढ्या मोठ्या प्रवासात मर्यादा वाढल्यावर खेळाडूंच्या करारांचे काय होते, याचे भरपूर दाखले मिळतात. ते दाखले आणि आपल्या कबड्डीचे आकडे शेजारी ठेवले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. मर्यादा वाढली म्हणजे खेळात पैसा वाढला, एवढेच सिद्ध होते. तो कुणाच्या खिशात जाईल, हे मर्यादेचा आकडा ठरवत नाही. ते त्याच्या आजूबाजूचे नियम ठरवतात. एका खेळाडूला जास्तीत जास्त किती देता येते, कमीत कमी किती द्यावेच लागते आणि कुणाचा करार नेमका कधी संपतो, या प्रश्नांच्या उत्तरांवर सगळे अवलंबून असते.

बंदरावरचा लिलाव

समजा, श्रीवर्धनच्या जीवना बंदरावर बोटी लागल्या आहेत आणि मासळीचा लिलाव सुरू होणार आहे. बारा व्यापारी उभे आहेत. एरवी ज्याच्या गाठीला जास्त पैसा, तो चांगली मासळी उचलून नेतो. पण आज एक अट आहे : प्रत्येकाने पन्नास हजारच खर्च करायचे, एक रुपयाही जास्त नाही. दुसरी अट अशी की प्रत्येकाने निदान अठरा पाट्या घेतल्याच पाहिजेत. आणि कुठलीही पाटी एका ठरलेल्या भावाखाली विकायची नाही. बंदरावर पापलेटच्या पाट्या मोजून चार-पाच आहेत. बांगडा आणि मांदेली हवी तेवढी आहे. अशा वेळी शहाणा व्यापारी आधी उलटा हिशेब करतो. पंधरा-सोळा साध्या पाट्या किमान भावाने घेतल्या तर किती लागतील, ते वजा जाता हाती किती उरेल, आणि तेवढे सगळे एका पापलेटच्या पाटीवर लावता येईल का, हे तो बोली सुरू होण्याआधीच ठरवून येतो.

आता उद्या जाहीर झाले की प्रत्येकाला साठ हजार खर्च करता येतील. मांदेली महागेल का? फारशी नाही. एकाने भाव चढवला तर शेजारी दुसरी पाटी पडलेलीच आहे. पापलेट मात्र कालच्याइतकेच आहे आणि बाराही जणांच्या हाती दहा-दहा हजार जास्त आहेत. चढाओढ तिथेच होणार, आणि वाढलेल्या दहा हजारांचा मोठा भाग त्या चार-पाच पाट्यांवरच जाणार. मर्यादा सगळ्यांची सारखीच वाढते तेव्हा कुणालाही दुसऱ्यापेक्षा जास्त पापलेट मिळत नाही. फक्त पापलेटचा भाव वाढतो. पण बंदराच्या मंडळींनी असा नियम केला, की पापलेटची पाटीसुद्धा वीस हजारांच्या वर विकायची नाही, तर चित्र पालटते. पापलेटवर खर्चून उरलेला पैसा कुठेतरी लावायचाच असतो, म्हणून मग सुरमई आणि हलवा महाग होतात. आणि ज्या पाट्यांचा सौदा गेल्या आठवड्यातच जुन्या भावाने ठरून गेला आहे, त्यांना नव्या पैशाचा काहीच फायदा नाही. त्या घेऊन ठेवणारा व्यापारी मात्र खुशीत असतो, कारण त्याचा माल जुन्या भावाचा आणि हातातला पैसा नव्या मर्यादेचा.

बास्केटबॉलमधले २०१६ साल

हे सगळे एनबीएमध्ये एकाच उन्हाळ्यात घडले. २०१४ साली लीगने दूरचित्रवाणीच्या हक्कांचा नऊ वर्षांसाठी सुमारे २४०० कोटी डॉलरचा करार केला. तो २०१६-१७ पासून लागू होणार होता. एनबीएची पगारमर्यादा लीगच्या उत्पन्नाशी बांधलेली असल्यामुळे ती एका झटक्यात ७ कोटी डॉलरवरून ९ कोटी ४१ लाखांवर जाणार, हे आधीच दिसत होते. ही वाढ टप्प्याटप्प्याने द्यावी, असा लीगचा प्रस्ताव होता. खेळाडूंच्या संघटनेने तो फेटाळला. पैसा आपला आहे तर तो आत्ताच मिळावा, अशी त्यांची भूमिका होती. शिवाय प्रत्येक संघाने मर्यादेच्या निदान ९० टक्के रक्कम खर्च केलीच पाहिजे, असाही नियम होता. म्हणजे पैसा आलेला, तो वापरायची सक्ती, आणि त्या वर्षी करार संपून मोकळे झालेले खेळाडू मोजकेच.

परिणाम असा झाला की मधल्या फळीतल्या खेळाडूंचे भाव एकदम चढले. क्लीव्हलँडच्या विजेत्या संघात असूनही अंतिम फेरीत जेमतेम मैदानावर उतरलेल्या तिमोफे मोझगॉव्हला लॉस एंजेलिस लेकर्सने चार वर्षांसाठी ६ कोटी ४० लाख डॉलर देऊ केले. म्हणजे वर्षाला सरासरी १ कोटी ६० लाख. त्याच हंगामात स्टेफन करीचा पगार १ कोटी २० लाखांच्या आसपास होता. करी नुकताच सर्वच्या सर्व मतांनी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. पण त्याने २०१२ साली, घोटा वारंवार दुखावत असताना, चार वर्षांसाठी ४ कोटी ४० लाखांचा करार केला होता आणि तो अजून संपायचा होता. गुणवत्तेच्या मोजपट्टीने या दोन पगारांचा काही मेळ लागत नाही. करार संपण्याच्या तारखा पाहिल्या की लगेच लागतो. लेब्रॉन जेम्सने हे आधीच हेरले होते. २०१४ साली क्लीव्हलँडला परतताना त्याने लांब पल्ल्याचा करार टाळला आणि एका वर्षाने मोकळे होता येईल असा दोन वर्षांचा करार केला. मर्यादा वाढणार हे ठाऊक असताना आजच्या भावाने स्वतःला बांधून घेणे म्हणजे तोटा, एवढे साधे ते गणित होते.

ताऱ्यांचे भाव मात्र त्या प्रमाणात आभाळाला भिडले नाहीत, कारण एनबीएत एका खेळाडूच्या पगारालाही कमाल मर्यादा आहे. लीगमधल्या अनुभवानुसार ती संघाच्या मर्यादेच्या २५, ३० किंवा ३५ टक्के असते. हा नियम १९९८-९९ च्या टाळेबंदीनंतरच्या करारात आला. त्याआधी १९९७-९८ मध्ये मायकेल जॉर्डनला एकट्याला ३ कोटी ३१ लाख डॉलर मिळाले होते आणि त्या वर्षी संपूर्ण संघाची मर्यादा होती २ कोटी ६९ लाख! हे शक्य झाले, कारण तिथली मर्यादा लवचिक आहे : आपलाच जुना खेळाडू राखण्यासाठी ती ओलांडायला परवानगी आहे. आपल्या कबड्डीची पर्स तशी नाही, ती ओलांडता येत नाही. बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाचच खेळाडू मैदानावर असतात, त्यामुळे एकाच खेळाडूचे वजन फार पडते. कमाल मर्यादा नसती तर तिथेही संघाचा निम्मा पैसा एकाच माणसाकडे गेला असता, असे मानायला जागा आहे. तिथे ती वाट बंद केली गेली आणि पैसा मधल्या फळीकडे वळला.

या घाईची किंमतही मोजावी लागली. पुढच्या वर्षी मर्यादा अपेक्षेइतकी वाढली नाही, ९ कोटी ९१ लाखांवरच थांबली, आणि २०१६ चे महागडे करार संघांच्या गळ्यात राहिले. लेकर्सने २०१७ मध्ये मोझगॉव्हचा करार दुसऱ्या संघाच्या माथी मारण्यासाठी डी’अँजेलो रसेल हा उमदा तरुण खेळाडूही सोबत देऊन टाकला. दुसरीकडे, करीचा जुना स्वस्त करार आणि मर्यादेत अचानक मोकळी झालेली जागा यांच्या जोरावर गोल्डन स्टेट वॉरियर्सने केव्हिन ड्युरंटला आणले. आदल्या मोसमात विक्रमी ७३ सामने जिंकलेल्या या संघाने २०१७ आणि २०१८ ची विजेतेपदे मिळवली. समतोल राखण्यासाठी असलेल्या मर्यादेनेच त्या वर्षी तराजू एका बाजूला झुकवला. त्यातून धडा घेऊन २०२३ च्या सामूहिक करारात मर्यादा एका वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढणार नाही, असे ठरले. नवा, अकरा वर्षांचा आणि सुमारे ७६०० कोटी डॉलरचा प्रक्षेपण करार २०२५-२६ पासून सुरू झाला, तेव्हा मर्यादा नेमकी १० टक्क्यांनीच वाढली.

कबड्डीत पैसा वरच का चढतो

प्रो कबड्डीत एका खेळाडूच्या बोलीला कमाल मर्यादा नाही. त्यामुळे बंदरावरचा पहिला प्रकार इथे लागू होतो. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारला पाटणा पायरेट्सने १२ लाख ८० हजार मोजले होते. २०१७ मध्ये चार नवे संघ आले आणि नितीन तोमर ९३ लाखांना गेला. २०१८ मध्ये मोनू गोयतला हरियाणा स्टीलर्सने १ कोटी ५१ लाख दिले. इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. २०१७ आणि २०१८ या दोन्ही वर्षी पर्स ४ कोटीच होती. म्हणजे पर्स वाढली नाही तरीही वरचा भाव एका वर्षात ६२ टक्क्यांनी चढला. मालकांनी तोवर खेळ ओळखला होता. सात जणांच्या संघात निम्म्याहून जास्त चढाया एकच मुख्य चढाईपटू करू शकतो, आणि तो बाद झाला तर सगळा संघ अडखळतो. असा माणूस देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच सापडतो, हे कळल्यावर बोलीची चढाओढ त्याच्याभोवती जमली.

| हंगाम | सर्वांत महाग खेळाडू | बोली | पर्स | पर्समधला वाटा |
|---|---|---|---|---|
| २०१७ | नितीन तोमर | ९३ लाख | ४ कोटी | २३% |
| २०१८ | मोनू गोयत | १ कोटी ५१ लाख | ४ कोटी | ३८% |
| २०१९ | सिद्धार्थ देसाई | १ कोटी ४५ लाख | ४ कोटी ४० लाख | ३३% |
| २०२१ | परदीप नरवाल | १ कोटी ६५ लाख | ४ कोटी ४० लाख | ३८% |
| २०२२ | पवन सेहरावत | २ कोटी २६ लाख | ४ कोटी ४० लाख | ५१% |
| २०२३ | पवन सेहरावत | २ कोटी ६० लाख ५० हजार | ५ कोटी | ५२% |
| २०२४ | सचिन तंवर | २ कोटी १५ लाख | ५ कोटी | ४३% |
| २०२५ | मोहम्मदरझा शादलू | २ कोटी २३ लाख | ५ कोटी | ४५% |

आता सुरुवातीच्या कोड्याकडे वळू. २०२३ मध्ये पर्स साठ लाखांनी वाढली. त्याच वर्षी सर्वांत खालच्या ‘ड’ गटाची किमान बोली ६ लाखांवरून ९ लाखांवर आणि ‘क’ गटाची १० वरून १३ लाखांवर नेली गेली. एखाद्या संघात ‘क’ आणि ‘ड’ गटांत किमान बोलीवर घेतलेले आठ खेळाडू आहेत असे धरू. त्यांच्यासाठी प्रत्येकी तीन लाख याप्रमाणे २४ लाख जास्त लागतात. पवनच्या दोन वर्षांतल्या बोलींमधला फरक साडेचौतीस लाख आहे. दोन्हींची बेरीज साडेअठ्ठावन्न लाख होते. म्हणजे सर्वांत महाग खेळाडू घेणाऱ्या संघाचे वाढीव साठ लाख इथेच जवळजवळ संपतात. ‘ब’ गटातल्या, पाच-सहा हंगाम खेळलेल्या भरवशाच्या कोपरारक्षकासाठी दीड लाख उरतात. वाढीव पैसा शेंड्याकडे गेला आणि मुळाशी गेला, मधला भाग कोरडाच राहिला. मुळाशी तरी तो गेला, याचे श्रेय बाजाराला देता येत नाही. ‘ड’ गटाचा भाव बोली लागून वाढला नाही, नियम बदलला म्हणून वाढला.

आयपीएलमध्ये हेच सूत्र सौम्य रूपात दिसते. २०२५ च्या मोठ्या लिलावात पर्स १२० कोटी होती आणि ऋषभ पंतला लखनौने विक्रमी २७ कोटींना घेतले. हा वाटा साडेबावीस टक्के भरतो, पवनच्या निम्म्याहून कमी. अकरा जणांच्या खेळात एकट्याच्या बळावर सामने काढण्याला मर्यादा असते, म्हणून मालक निम्मी पर्स एकावर लावत नाहीत. तिथेही राष्ट्रीय संघात न खेळलेल्या खेळाडूची सर्वांत कमी मूळ किंमत २०१८ मध्ये २० लाख होती, ती २०२५ ला ३० लाख झाली. पर्स ८० कोटींवरून १२० कोटींवर गेली, म्हणजे दोन्ही दीडपट.

महाग खेळाडू, हलका संघ

‘ताऱ्यावर पैसा लावला तर बिघडले कुठे? प्रेक्षक त्यालाच बघायला येतात आणि सामनेही तोच जिंकून देतो,’ असा आक्षेप कुणीही घेईल. आक्षेप अर्धा खरा आहे. पवनला २ कोटी ६० लाखांना घेतलेल्या तेलुगू टायटन्सच्या हाती उरलेल्या सगळ्या संघासाठी २ कोटी ४० लाखांहूनही कमी राहिले. किमान अठरा जणांचा संघ उभारायचा, म्हणजे बाकीच्या सतरा जणांना सरासरी चौदा लाख. त्या हंगामात टायटन्सने २२ पैकी फक्त २ सामने जिंकले आणि ते तळाला राहिले. त्याआधीच्या वर्षी थलायवाजचे उलटे झाले होते. पवन पहिल्याच सामन्यात जायबंदी होऊन हंगामाला मुकला, तरी नरेंदर कंडोला आणि अजिंक्य पवार यांसारख्या तरुणांनी संघाला पहिल्यांदाच उपांत्य फेरीत नेले.

पण दहाव्या हंगामातच याला छेद देणारे उदाहरणही आहे. पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतले, म्हणजे पर्सच्या ४७ टक्के. आणि तोच संघ १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात करून विजेता ठरला. मग फरक कुठे पडला? पलटणकडे अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते ही पोरे आधीपासून होती. संघाने ती तरुणपणीच हेरली, घडवली आणि राखून ठेवली होती. खुल्या लिलावात त्यांची बोली लागली नव्हती. गेल्या आठवड्यातल्या भावाची सुरमई आधीच घरात असल्यामुळे पलटणला पापलेटवर खर्च करणे परवडले. वॉरियर्सला करीच्या जुन्या करारामुळे जे साधले, तेच इथेही साधले. म्हणजे पर्समधला मोठा वाटा एकाला देणे धोक्याचे की फायद्याचे, हे बाकीचा संघ कोणत्या भावाने हाती आला आहे यावर ठरते. आणि बाकीचा संघ स्वस्तात हाती येतो, तेव्हा तो स्वस्तपणा कुणी ना कुणी तरुण खेळाडू स्वतःच्या ऐन उमेदीच्या हंगामांतून पुरवत असतो.

म्हणून करार कधी संपतो, याला कबड्डीत बास्केटबॉलपेक्षाही जास्त महत्त्व द्यायला हवे. बास्केटबॉलपटूची कारकीर्द पंधरा वर्षे चालू शकते. गुडघे आणि खांदे पणाला लावून खेळणाऱ्या चढाईपटूचा बहर पाच-सहा हंगामांचा. परदीप नरवालची बोली २०२१ मध्ये १ कोटी ६५ लाख होती. २०२४ मध्ये तो ७० लाखांना गेला, २०२५ च्या लिलावात त्याच्यावर बोलीच लागली नाही आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. लीगच्या इतिहासात चढाईचे सर्वाधिक गुण ज्याच्या नावावर आहेत, त्याची ही उतरण चार वर्षांत झाली. उलट देवांक दलालने २०२४ च्या हंगामात पाटण्याकडून चढाईचे ३०१ गुण मिळवले आणि पुढच्याच लिलावात बंगाल वॉरियर्सने त्याला २ कोटी २० लाख ५० हजार दिले. बहर आणि लिलाव एकाच वर्षी आले की आयुष्य बदलते. दोन्हींत दोन वर्षांचे अंतर पडले, तर तेच गुण निम्म्या मोलाचे ठरू शकतात.

मग ताऱ्यावरही मर्यादा घालावी का?

एनबीएसारखी कमाल मर्यादा कबड्डीत आणली तर मधल्या फळीला पैसा मिळेल, हे वरच्या विवेचनातून निघतेच. तरीही तो उपाय सरसकट योग्य वाटत नाही. ज्या खेळात कारकीर्द इतकी तोकडी आहे आणि एका दुखापतीत संपू शकते, तिथे माणसाला त्याच्या ऐन बहरात बाजार देईल ते घेऊ न देणे अन्यायाचे आहे. शिवाय कमाल मर्यादा घातली की वाचलेला पैसा खेळाडूंकडेच राहील, याची हमी लागते. एनबीएत ती आहे, कारण लीगच्या उत्पन्नाचा ४९ ते ५१ टक्के वाटा खेळाडूंना द्यायचा, हे त्यांच्या संघटनेने करारात लिहून घेतले आहे. वाटा ठरलेला असेल तर ताऱ्याकडून वाचलेले पैसे दुसऱ्या खेळाडूकडेच जातात. तो ठरलेला नसेल तर ते मालकाच्या खिशात राहू शकतात. आयपीएलने छोट्या लिलावात परदेशी खेळाडूला जास्तीत जास्त १८ कोटी मिळतील, असा नियम केला आहे. संघाच्या पर्समधून मात्र पूर्ण बोलीची रक्कम वजा होते आणि वरचा फरक खेळाडूंच्या कल्याणासाठी म्हणून क्रिकेट मंडळाकडे जातो. मधल्या फळीला त्यातला थेट एक रुपयाही मिळत नाही.

याहून खोल प्रश्न आहे तो मर्यादेचा आकडा कशावरून ठरतो हा. आयपीएलचे २०१८ ते २०२२ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क १६,३४७ कोटींना गेले होते. २०२३ ते २०२७ चे ४८,३९० कोटींना. उत्पन्नाचा हा भाग जवळजवळ तिप्पट झाला. लिलावाची पर्स २०२२ मध्ये ९० कोटी होती, ती २०२५ मध्ये १२० कोटी झाली, म्हणजे एक तृतीयांशाने वाढली. दहा संघांच्या पर्सची बेरीज १२०० कोटी, आणि हक्कांचे वर्षाला सरासरी ९,६७८ कोटी. सामन्यागणिक साडेसात लाखांचे मानधन २०२५ मध्येच सुरू झाले ही चांगली गोष्ट आहे. ते आणि कामगिरीचा मोबदला धरून संघाची एकूण खर्चमर्यादा त्या वर्षी १४६ कोटी झाली. तरी गुणोत्तर १५ टक्क्यांच्या आसपासच राहते. प्रो कबड्डीचे २०२१ पासूनच्या पाच हंगामांचे हक्क ९०८ कोटींना गेले, म्हणजे हंगामाला साधारण १८२ कोटी. बारा संघांच्या पर्सची बेरीज ६० कोटी. हे गुणोत्तर एक तृतीयांश भरते, आयपीएलपेक्षा चांगले. हक्क विकत घेणाऱ्या स्टारचाच आयोजक मशाल स्पोर्ट्समध्ये मोठा हिस्सा असल्यामुळे आणि लीगचे इतर उत्पन्न-खर्च यात धरलेले नसल्यामुळे या आकड्याकडे अंदाज म्हणूनच पाहावे. मुद्दा एवढाच की दोन्हीकडे पर्स उत्पन्नाशी कुठल्या लिखित सूत्राने बांधलेली नाही. आयोजक ती जाहीर करतात आणि खेळाडू ती स्वीकारतात.

‘मर्यादाच काढून टाका, सगळे प्रश्न मिटतील,’ असेही कुणी म्हणते. मग मोठ्या शहरांचे, मोठ्या उद्योगसमूहांचे दोन-तीन संघ सगळे नामवंत उचलतील आणि बाकीचे संघ नावापुरते उरतील. प्रो कबड्डीच्या बारा हंगामांत आठ वेगवेगळे संघ विजेते ठरले, यात पर्सच्या बंधनाचा वाटा मोठा आहे. कुठल्याही गावच्या पोराला आपण कोणत्याही संघात गेलो तरी जिंकू शकतो असे वाटणे, ही लीगची खरी कमाई आहे. पर्स हवीच. ती वाढताना पैसा कुठे मुरतो, यावर लक्ष हवे.

खालची पायरी

श्रीवर्धनच्या एखाद्या मुलाच्या नजरेतून पाहिले तर २ कोटी ६० लाखांचा आकडा दूरचा आहे. त्याच्या हिशेबातला आकडा ९ लाखांचा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने इथल्या नारळ-सुपारीच्या वाड्या झोपवल्या. सुपारीचे नवे झाड उत्पन्नाला यायला सहा-सात वर्षे लागतात. रोठा सुपारीवर किंवा बोटीवरच्या हिश्शावर चालणाऱ्या घरात एका हंगामाचे ९ लाख म्हणजे वाडी पुन्हा उभी राहण्याइतके भांडवल. आणि या मुलाला ते कुणी चढ्या बोलीने देणार नाही, कारण त्याच्यासारखे शेकडो आहेत. त्याला ते फक्त नियमातून मिळू शकतात. २०२३ मध्ये ते तसे मिळालेही. पण त्यानंतर २०२४ आणि २०२५ मध्ये पर्स ५ कोटींवर आणि ही पायरी ९ लाखांवर थांबलेली राहिली. महागाई मात्र थांबली नाही.

माझ्या मते यावरचा उपाय सोपा आहे. ताऱ्यांच्या बोलीला हात लावू नये. किमान बोली रुपयांत न ठरवता पर्सच्या टक्क्यांत ठरवावी आणि ‘ब’ गटालाही तोच नियम लावावा. आज ९ लाख म्हणजे पर्सच्या १.८ टक्के आणि २० लाख म्हणजे ४ टक्के होतात. हे आकडे असेच लिहून ठेवले, तर संघांवर आजच्याहून जास्त बोजा पडत नाही आणि पर्स वाढेल तेव्हा कुणाला मागणी करत बसावे लागत नाही. पुढच्या लिलावाआधी राज्य आणि जिल्हा कबड्डी संघटनांनी आयोजकांपुढे मांडावी अशी ही एकच मागणी आहे. पर्स ६ कोटी झाली, तर त्या दिवशी ‘ड’ गटातल्या मुलाची किमान बोली आपोआप १० लाख ८० हजार होईल आणि ‘ब’ गटातल्या खेळाडूची २४ लाख.